लग्नपत्रिकांच्या पाठीवरचं इंग्रजी

गुरांशी इंग्रजीतून बोलणारी, आणि तेही अशा इंग्रजीतून की खुद्द इंग्रजांनाही शब्दकोश काढावा लागेल, अशी व्यक्ती अख्ख्या शहापूर तालुक्यात आजवर एकच झाली. ती माझी मामेबहीण. 'ऑब्स्टिनेट' हे तिच्या म्हशीचं नाव आहे असा माझा पहिले कित्येक दिवस समज होता. खर्डीजवळच्या त्यांच्या पाड्यावर कधीही जावं, तर ही दाव्याला लोंबकळत "चल गो ऑब्स्टिनेट, चल" करत असायची. एकदा मामीला राहवलं नाही. "काय बोलतेस गो तिला?" "हट्टी." "मंग हट्टी बोल ना. बिचारीला मराठी समजतं." त्यावर ही शांतपणे म्हणाली, "तिला समजतं गो आई. शिकायचं तर मला हाय."

शिकायचं होतं ते एका परीक्षेसाठी. शेतकीची पदवी घेऊन ती घरी आली तेव्हाच भातखाचरातल्या मातीचा पुढचा अभ्यास परदेशात जाऊन करायचं तिच्या डोक्यात पक्कं होतं. तिकडच्या विद्यापीठातल्या एका बाईंनी तिला कळवलंही होतं की प्रवेशपरीक्षेत एवढे गुण आण, बाकीचं मी बघते. गणिताला ती भीत नव्हती. पण त्या परीक्षेत इंग्रजीचे असे काही शब्द विचारतात की त्यांचा मातीशी, भाताशी किंवा कुठल्याही जिवंत माणसाशी संबंध नसतो. ते हजार-दीड हजार शब्द पाठ केल्याशिवाय मातीला हात लावू देत नाहीत. आता यात माझा संबंध काय, तर आमच्याकडे मामाच्या मुलीवर आतेभावाचा पहिला हक्क मानतात. तो हक्क मागायला कुणी कोर्टात जात नाही, पण पंगतीत त्याचा विषय निघाल्याशिवाय आमच्या नातेवाइकांना जेवण पचत नाही. मामानं एका दुपारी जेवता जेवता निकाल देऊन टाकला. "परीक्षेला एकदाच बस. झालीस पास तर जा, मी आडवा येनार नाय. नाय झालीस तर तुळशीचं लगीन झाल्यावर तुमचं दोघांचं उरकू." मी समोरच भाकरी मोडत होतो. बाजारात वांगं उलटसुलट करून बघावं तसं तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "चालंल. तो काय वाईट नाय." या चार शब्दांवर मी पुढचे नऊ महिने काढले.

माझं शहापूरला कचेरीजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळे कागद कापणं, याद्या छापणं आणि दर रविवारी पाड्यावर येऊन शब्द विचारणं, या तिन्ही कामांवर तिनं माझी नेमणूक केली. थोडक्यात, ती नापास झाली तर माझं तिच्याशी लग्न, आणि तिला पास करायची जबाबदारी माझी. कोंबड्या राखायला कोल्हा बसवावा, आणि कोल्ह्यानंही हो म्हणावं, असा तो प्रकार होता. मी हो का म्हटलं? दर रविवारी तिच्यासमोर दोन तास बसायला मिळणार होतं. एवढा हिशेब मला जमतो.

शब्द लिहायला तिनं वह्या घेतल्या नाहीत, कोरी कार्डंही नाहीत. आमच्याकडे लग्नपत्रिका कुणी फेकत नाही, देवाच्या नावाची गोष्ट म्हणून वर्षानुवर्षं ट्रंकेत साठवतात. तिनं साऱ्या पाड्यातल्या ट्रंका रिकाम्या केल्या, मी दुकानातल्या कटरवर त्या पत्रिका पत्त्यांच्या आकारात कापल्या, आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर शब्द चढले, गावागावाचे वेगळे गठ्ठे करून. बरं, शब्द कुठल्याही पत्रिकेवर नाही. 'ऑप्युलंट', म्हणजे ऐश्वर्याचा, तो सोनेरी वेलबुट्टीच्या पत्रिकेवर, ज्या लग्नात तीन मंडप आणि दोन बँड होते. 'ऑस्टीअर', म्हणजे साधासुधा, तो एका गुरुजींच्या मुलीच्या पिवळ्या कागदावर. 'एफिमेरल', म्हणजे क्षणभंगुर, तो आमच्याच एका चुलतभावाच्या पत्रिकेमागे होता. त्याची बायको सोळाव्या दिवशी माहेरी गेली ती गेली. ती शब्द पाठ करत नसे, लग्नं पाठ करत असे. मी शब्द उच्चारला की ती डोळे मिटायची, आणि आधी वऱ्हाड कुठलं ते सांगायची, मग जेवायला काय होतं ते, आणि शेवटी अर्थ. "हां, किन्हवलीचं. जिलबी कडक होती. मंग त्याचा अर्थ कंजूष." मला कितीदा वाटायचं की परीक्षा घेणाऱ्यांनी नुसता अर्थ विचारून तिच्यावर केवढा अन्याय चालवलाय.

पत्रिका पुरेनाशा झाल्या तसे तिनं जिवंत माणसांना शब्द वाटायला घेतले. मामीला 'गॅरुलस' मिळाला, म्हणजे वायफळ बडबडणारी. मामीला अर्थ कळल्यावर ती त्यावर पाऊण तास बोलली. मामाला 'लॅकॉनिक', मोजकं बोलणारा. तो "बरं" एवढंच म्हणाला. मला मिळाला 'व्हॅसिलेट', म्हणजे या पायावरून त्या पायावर होत राहणं, ठरवता न येणं. मी विचारलं, "असा मी कधी वागलो?" ती म्हणाली, "आता बी चप्पल घालू का नको ते ठरवतोयस." ते खरं होतं.

पौषात आम्ही म्हसा गावच्या, गुरांच्या बाजाराच्या जत्रेला गेलो. तिथे तिला मनातलं सांगून टाकायचं मी ठरवलं होतं. परीक्षा वगैरे असू दे, नुसता 'वाईट नाय' म्हणून माझ्याशी लग्न करू नको, मला तू आवडतेस म्हणून हवी आहेस, असं वाक्य मी मोटारसायकलवर मुरबाडपर्यंत पाठ केलं. बैलबाजारात एका बैलावर हात ठेवून ती विकणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबा, वय काय याचं?" "वय काय बघतेस पोरी, चाल बघ." "चालतो कसा?" "खातो बेस." "मारतो काय?" "कुनाचा सोभाव कसा, कुनाचा कसा." तिचा चेहरा देव भेटल्यासारखा झाला. माझा दंड धरून ती म्हणाली, "इक्विव्होकेट रे! सरळ उत्तर न देनं. चार दिवस बसत नव्हता डोक्यात. बाबानं बसवला." मग माझ्याकडे वळून, "तू काय बोलत होतास?" मी म्हटलं, "काय नाय, बैल चांगला हाय." म्हातारा माझ्याकडे बघून हसला. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला ओळखतो.

भाताच्या आवणीच्या दिवसांत मात्र तिनं कहर केला. रोपांची मूठ उचलायची, शब्द मोठ्यानं म्हणायचा, रोप चिखलात रोवताना अर्थ म्हणायचा, आणि मूठ संपेपर्यंत तेच. शेजारच्या रांगेतल्या बाया पहिले दोन दिवस हसल्या, तिसऱ्या दिवशी त्यांनाच पाठ झालं. चौथ्या दिवशी बांधावरून मी ऐकलं, एक बाई दुसरीला म्हणत होती, "उचल गो हात. लेथार्जिक कुठली." दुसरीनं वर न बघता सांगितलं, "तू गप गो गॅरुलस." मलाही हा रोग दुकानात लागला. एका शेतकऱ्याला साहेबांच्या नावे अर्ज टाईप करून देताना आदरानं काहीतरी भारी घालावं म्हणून मी 'ऑब्सिक्विअस सर' असं लिहिलं. त्याचा अर्थ लाळघोट्या, हे मला रविवारी कळलं. सोमवारी तो शेतकरी पेरू घेऊन आला. काम झालं होतं. साहेबांनी म्हणे तो शब्द दोनदा वाचून ताठ बसून सही केली होती.

हे असं हसत-खिदळत चाललं होतं आणि गणपती उठले तसं माझ्या ध्यानात आलं की ती पास होणार. शंभर शब्द विचारले तर पंच्याण्णव येत होते. त्या रविवारी ती पाणी आणायला उठली आणि मी एक गठ्ठा उचलून शर्टाच्या आत सरकवला. साठेक पत्ते असतील. न पाहिलेला शब्द परीक्षेत आला तर येणार नाही, एवढीच माझी अक्कल. गठ्ठा पोटाशी टोचत होता आणि मी चहा पीत होतो. चोरानं चोरीही नीट करू नये याचं दुसरं उदाहरण तालुक्यात सापडणार नाही, कारण ज्या मुलीनं शब्द लग्नांवरून लावले होते तिच्याकडून मी लग्नं चोरली होती. पुढच्या रविवारी तिनं टोपलीतले पत्ते हातानं चाळले आणि लगेच म्हणाली, "डोळखांबची लग्नं कुठं गेली रे?"

"कसली?"

"डोळखांबची. सगळी. तात्याच्या दोन्ही पोरी, आन तो पोलीस, आन वरातीत घोडा बसला ती."

मी म्हटलं, उंदरानं नेली असतील. "उंदीर गाव बघून नेतो काय?" ती म्हणाली, आणि टोपली माझ्यापुढे सरकवली. अंगणात मामी सुपानं भात पाखडत होती, त्याचा आवाज येत राहिला. मी शर्टाची दोन बटणं काढली आणि गठ्ठा टोपलीत ठेवला. तो मी आठवडाभर दुकानात ठेवला होता आणि त्या दिवशी, परत द्यावा की नाही हे न ठरल्यामुळे, पुन्हा पोटाशी बांधून आणला होता. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं पत्ते सारखे केले. घामानं काहींची शाई उतरली होती. "तुला मी जायला नको हाय," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. मी मान हलवली. ती कुठल्या दिशेनं हलवली ते मला अजून आठवत नाही. "मला जायचं हाय रे," ती म्हणाली. "तुझ्यावर राग हाय म्हनून नाय. मला जायचंच हाय. आता विचार." आणि मी विचारले. डोळखांबची साठही लग्नं. साठच्या साठ आली. शाई उतरलेले शब्द मी दुकानातून नवीन काळं पेन आणून, त्याच पत्रिकांवर, गिरवून दिले.

परीक्षेला मीच तिला मोटारसायकलवर सोडलं. दहा-बारा दिवसांनी निकाल आला, तोही माझ्याच दुकानातल्या संगणकावर. मामा स्टुलावर बसला होता, ती माझ्या खुर्चीच्या मागे उभी होती. आकडा बघून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथे राहिला. "किती पायजे होते?" मामानं विचारलं. "एवढे नको होते," मी म्हटलं. ती हसली, मामा हसला नाही. तो "बरं" म्हणाला आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला. पेढे कुणीतरी आणायला हवेत म्हणून मी गेलो. मिठाईवाला ओळखीचा. पुडा बांधता बांधता म्हणाला, "काय, ठरलं काय लगीन?" मी म्हटलं, "नाय, परीक्षा पास झालो." त्यानं वर एक पेढा जास्तीचा ठेवला आणि हात पुढे केला. मी तो हातात घेतला.

आता दोन वर्षं होतील. ती तिकडे काचेच्या नळ्यांत माती भरून तिच्यातून पाणी कसं उतरतं ते बघते. रविवारी सकाळी मी दुकान झाडत असतो तेव्हा फोन येतो. माझ्याकडे कामाला न येणारे हजारभर इंग्रजी शब्द पडून आहेत. त्यातले ओढ लागण्याचे, झुरण्याचे, एखाद्याची वाट बघण्याचे दहा-पंधरा तरी निघतील, सगळे तिनंच पक्के करून घेतलेले. पण ती "कसा हायस रे?" विचारते, आणि मी "बरा हाय" म्हणतो. तिच्या तोंडूनही आता भारी शब्द येत नाही. जेवलास काय, आईचा गुडघा कसा हाय, एवढंच.

यंदा मामाकडे आवणीला माणसं कमी पडली, तर चार दिवस दुकान बंद ठेवून मी गेलो. रांगेतल्या बायांनी मला सांभाळून घेतलं. माझी रोपं तिरकी होती, त्यांनी मागून येऊन सरळ केली. त्या रविवारी फोनवर मी तिला ते सांगितलं.

"कुठली कुठली खाचरं झाली?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "खालची सगळी झाली. मोहाखालचं झालं, आंब्याचं झालं, लांबोळकं झालं. वरचं दगडाचं तेवढं राहिलं, ते उद्या."

पलीकडे कुणीतरी इंग्रजीत तिला हाक मारली. तिनं "एक मिनिट" असं मराठीतच सांगितलं त्यांना.

"एकेक सावकाश सांग रे," ती मला म्हणाली. "विहिरीपासनं सुरू कर."