खांबावरची झावळी

मोएरोआ माझी मावसबहीण. तिची आई लवकर गेली, म्हणून ती आमच्याच घरी, माझ्या आईच्या हातचं खाऊन वाढली. आधी शाळेत मास्तरीण होती, आता आमच्या आइतुताकी बेटाची खासदार. पण अजूनही घरी आली की चपला दारात कशाही फेकते आणि कंगवा हरवला की मलाच विचारते.

दोन वर्षं तिनं एकच ध्यास घेतला होता. आमच्याकडे राउई असते, म्हणजे समोरच्या उथळ समुद्रातून शिंपले काढायला बंदी. खांबाला झावळी बांधली की बंदी लागली, बांधणाऱ्यानं सोडली की उठली. हल्ली लोक जुमानत नव्हते, म्हणून मोएरोआला कायदा हवा होता. काढणाऱ्यालाही शिक्षा, खाणाऱ्यालाही. मंगळवारी संसदेत विधेयक यायचं होतं.

रविवारी ती गावात आली. चर्चनंतर सगळ्यांचं जेवण. आईनं लाडक्या भाचीसाठी नारळाच्या दुधात मोठाले शिंपले केले. मोएरोआनं बोटं चाटून खाल्ले. मीही काही कमी खाल्ले नाहीत.

तेवढ्यात झावळी बांधणारे गावातले म्हातारे, पापा तेरिई आले. ताटाकडे बघून म्हणाले, "शिंपले कुठले गं अकाइती?"

"समोरचे," आई म्हणाली. "झावळी सोडलीत ना तुम्ही?"

"मी? मी कशाला सोडू?"

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. गेल्या आठवड्यातल्या वाऱ्यानं झावळी उडवून नेली होती आणि आईला नुसता खांब दिसला होता. मग तिचं चुकलं काय? आणि चुकलं नसेल, तर शिंपले काय आपल्या पायांनी पातेल्यात आले? माझं डोकंच चालेना.

"कायदा यायच्या आधीच मोडलात की खासदारबाई," मागून कुणीतरी म्हणालं. थोडे लोक हसले, पण मोएरोआ मान खाली घालून बसली.

घरी आल्यावर ती नुसती येरझाऱ्या घालत होती. "विधेयक मांडलं तर मावशी चोर ठरते. नाही मांडलं तर लोक म्हणणार, घरचं निघालं तशी गप्प बसली. मी करू तरी काय?"

"मला काय विचारतेस? लोकांनी मला निवडून दिलंय का?" मी खेकसले. लगेच वाईटही वाटलं, पण शब्द मागे घेता येतात थोडेच.

आई तारोचे कंद सोलत होती. वर न बघताच म्हणाली, "मांड. तुला शिकवलं ते तोंड लपवायला नाही."

"आणि तुझं नाव?"

"घे की. माझंच आहे."

सोमवारच्या विमानानं मोएरोआ राजधानीला गेली. काय ठरवलंय, कुणालाच सांगितलं नाही.

मंगळवारी आम्ही मायलेकी रेडिओला कान लावून बसलो. मोएरोआ बोलायला लागली. "राउईचे शिंपले मी स्वतः खाल्ले आहेत. हा कायदा मीच आणतेय, तेव्हा यातली पहिली दोषी मी. तसं लिहून घ्या."

"लबाड कुठली," आई म्हणाली. "काढले मी. पहिली मी."

आणि टॉवेलात तोंड खुपसून रडायला लागली. लाजेनं रडली की अभिमानानं, मला अजून कळलेलं नाही.