फॉल इन, फॉल आउट

कडेगावातले एक निवृत्त हवालदार बोलतानाही सावधान उभे राहत. भरतीला निघालेल्या पोरांना ते इंग्रजी हुकूम शिकवत. "फॉल म्हंजी पडणं. पर फॉल इन म्हंजी रांगंत या, फॉल आउट म्हंजी मोकळं व्हा. पडायचं कवाच न्हाई, गड्या!"

साताऱ्याच्या भरतीत त्यांचा मुलगा तापाने फणफणलेला असूनही रांगेत उभा होता. गोऱ्या साहेबाने 'फॉल आउट' म्हणताच तो कोसळला.

"हवालदार, पोरगं हुकूम चुकलं की वो!" बघ्यांतला एकजण हसला.

"चुकलं न्हाई. हुकूम येईस्तवर हुबं ऱ्हायलं."

साहेबाने दुभाष्याकडून ते समजून घेतले आणि सांगितले, "ताप उतरला की आणा. याला घेतो."

हवालदारांनी कडक सलाम ठोकला. मुलाला पाणी पाजले ते त्यानंतर.