अण्णांनी फाडलेला अंतरपाट

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा बस्ता म्हणजे काय ते मी तिला सांगायला बसले. ती म्हणाली, "म्हणजे लग्नाची शॉपिंगच ना, आई?" मी म्हटलं, हो बाई, शॉपिंगच. तिला तरी काय दोष देणार? ती नगरमध्ये वाढली, आणि तिला कळायला लागलं तोवर काष्टीला आमच्या दुकानात बस्ता फाडायला येणारी माणसं विरळ झाली होती.

माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, काष्टीला कापडाचं दुकान होतं. मी त्यांची एकुलती एक. शाळा सुटली की मी घरी न जाता दुकानातच जायचे, त्यामुळे किती घरांचे बस्ते मी पाहिले याला गणती नाही. मुलीकडचे, मुलाकडचे, आत्या, मावश्या, मानपानावरून घरूनच तोंड फुगवून आलेली एखादी चुलती, सगळे चपला पायरीशी काढून एकाच गादीवर बसायचे. गादीची खोळ पांढरीशुभ्र असायची आणि तिच्यावर कुणी चहा सांडला तरी अण्णा हसून वेळ मारून न्यायचे. ते एकेक साडी उलगडत जायचे आणि समोर ढीग वाढत जायचा. दुपार कलेपर्यंत त्या ढिगाभोवती दोन्ही घरांची चांगली ओळख व्हायची. कुणाचा हात सैल, कुणाचा आखडता, कोणती सासू पुढे सुनेला जड जाणार, सगळं तिथेच कळायचं. एकदा तर नवऱ्याची आत्या नवरीच्या आईला शालू दाखवता दाखवता रडली होती, कारण तिच्या स्वतःच्या लग्नात तिला शालू मिळाला नव्हता. मग दोघी मिळून रडल्या. अण्णांनी आणखी चहा सांगितला.

सगळा बस्ता बांधून झाला की अण्णा उठून वरच्या फळीवरचं पांढऱ्या कापडाचं ठाण काढायचे. लग्न लागताना नवरानवरीच्या मधे धरतात तो अंतरपाट त्यातून निघायचा. तो दुकानाकडून भेट असायचा. माझ्या आजोबांपासूनचा रिवाज होता तो. कडेला कात्रीचा एक छोटा छेद द्यायचा आणि मग दोन्ही हातांनी एका दमात टर्रकन फाडायचं. त्या आवाजाने गादीवरच्या बोलभांड बायकासुद्धा क्षणभर गप्प व्हायच्या. कात्री वाकडी जाते, फाडलेलं कापड सुताला सूत सरळ राहतं, असं अण्णा म्हणायचे. मग त्याची घडी घालायची. ती घडी मी शिकायचा पुष्कळ प्रयत्न केला. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा, मधे हवेचा एक फुगवटा नाही. वर हळदकुंकवाचं बोट लावून ती घडी बस्त्याच्या गाठोड्यात सगळ्यात वर ठेवली की बस्ता पुरा झाला.

पुढे नगरला मोठं शोरूम झालं. तीन मजले, एसी, गाडी लावायला जागा, आणि जन्मलेल्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळ्यांचे कपडे एका छताखाली. लोक जीप करून तिकडे जायला लागले. सुरुवातीला काष्टीचे लोक जरा लाजायचे. मोठी खरेदी तिकडे करायचे आणि परकर, फॉल, मानाचे टॉवेल-टोपी घ्यायला अण्णांकडे यायचे, वर म्हणायचे, "पोरं ऐकत न्हाईत हो, अण्णा." अण्णा म्हणायचे, "असूंदे की, पोरांचं बी बराबर हाय." मग टॉवेल-टोपीही तिकडेच मिळायला लागले. त्यानंतर लाजणंही संपलं. मला त्या लोकांचा भयंकर राग यायचा. माहेरी गेले की बाजाराच्या दिवशी शोरूमच्या चकचकीत पिशवीत भाजी घालून आमच्या दुकानावरून जाणारी बाई दिसली की मला तिची पिशवी ओढून घ्यावीशी वाटायची. पण खरं सांगायचं तर शोरूमचा माल चांगला होता. रंग जास्त होते, निवड जास्त होती. अण्णांच्या फळ्यांवर तेव्हा जे उरलं होतं, ते मलाही नेसवलं नसतं. हे मी अण्णांपुढे कधी बोलले नाही. त्यांना ते माझ्याआधी कळलेलं होतं.

लेकीचं लग्न ठरल्याचं कळवायला फोन केला तेव्हा अण्णांनी आनंदाने आधी तारीख विचारून घेतली. मग म्हणाले, "बस्ता आपल्याकडं करायचा बरं का. लई दिसांनी बस्ता व्हईल दुकानात. येवढा एक झाला की मग शटर वढतो." आई गेल्यापासून ते एकटेच दुकान उघडत आणि बंद करत. शेजारच्या बाईने मला नंतर सांगितलं, त्या आठवड्यात अण्णांनी गादीच्या सगळ्या खोळी धुऊन, खळ घालून, कडक वाळवल्या होत्या.

मुलाकडचे शिर्डीचे. माणसं चांगली, पण पाहुणे चार गावांचे, आणि सगळ्यांना नगर सोयीचं. त्यांनी शोरूमचंच नाव काढलं. माझ्या नवऱ्यानेही मान डोलावली आणि लेकीने तर तिथल्या साड्यांचे फोटो आधीच काढून ठेवले होते. मी एक दिवस तोंड वाजवलं, दुसऱ्या दिवशी रुसून पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी एसटीने काष्टीला गेले. हे फोनवर सांगणं माझ्याच्याने झालं नसतं.

अण्णांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले. मग गादीवरची सुरकुती हाताने सारखी करत म्हणाले, "अंतरपाट तेवढा आपला ऱ्हाऊंदे."

"म्हणजे काय! तो दुसऱ्या कुणाचा असणार?" मी म्हटलं. ते माझ्यासमोरच उठले, वरच्या फळीवरचं पांढरं ठाण काढलं, छेद दिला आणि फाडलं. कापड सरळ फाटलं. दुकानात आम्ही दोघंच होतो, आणि तो आवाज रिकाम्या फळ्यांवर जरा जास्तच मोठा वाटला. मला रडू आलं. मी पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्ताने आत गेले.

शोरूमला अण्णा आले. मी नको म्हणत होते, पण नातीच्या बस्त्याला आजोबा नाहीत हे त्यांना पटेना. काचेच्या दाराशी आम्ही सगळे भराभर आत शिरलो. मागे वळून पाहिलं तर अण्णा बाहेर वाकून चपला काढत होते. भिंतीला लावून, टाचा एका रेषेत करून त्यांनी त्या ठेवल्या आणि धोतर सावरत अनवाणी आत आले. वॉचमन भला माणूस होता. हळूच म्हणाला, "बाबा, चपला घालून या, इथं चालतंय." अण्णा त्याच्याकडे बघतच राहिले. कापडाच्या दुकानात चपला घालून जायचं, हे त्यांना कुणीतरी खोटंच सांगतंय असं वाटलं असावं. "ऱ्हाऊंदे बाबा," ते म्हणाले, आणि तसेच त्या गार फरशीवरून माझ्या मागे चालत आले. पाहुण्यांपैकी एक पोरगी हसली. मी तिच्याकडे असं पाहिलं की दिवसभर ती माझ्या वाऱ्याला उभी राहिली नाही.

आत गेल्यावर आमची फाटाफूट झाली. पुरुष वरच्या मजल्यावर, पोरं त्याच्या वरच्या, साड्या खाली, आणि नवरी तिच्या मैत्रिणींसोबत वेगळ्याच दालनात. बसायला कुठे काही नव्हतं. एका मुलीने अण्णांना स्टूल आणून दिलं. ते त्यावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले आणि काही वेळाने मला विचारलं, "समदी गेली कुठं? बस्ता कवा सुरू व्हनार?" मी म्हटलं, "अण्णा, सुरूच आहे." संध्याकाळी सगळे आपापल्या पिशव्या घेऊन दारात भेटलो. कुणी काय घेतलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या गर्दीत रुसायलासुद्धा कुणाला कुणी सापडलं नव्हतं.

लग्नाला अण्णा नवी टोपी घालून आले. हातात अंतरपाटाची घडी ठेवलेली कापडी पिशवी होती आणि ती ते कुणाच्या हातात देत नव्हते. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसले, पिशवी मांडीवर. गुरुजींनी अंतरपाट मागितला तेव्हा मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात कार्यालयाची दोन पोरं सोनेरी झालरीचं चकचकीत कापड घेऊन स्टेजवर आली. त्यावर नवरानवरीची नावं आणि त्यांचा फोटो छापलेला होता. सजावटीच्या पॅकेजमध्ये हा अंतरपाटही होता म्हणे. लेकीला तरी काय माहीत? तिने ते पाहून आनंदाने मला खूण केली.

मी उठलेच होते. अण्णांनी माझं मनगट धरलं. "बस," ते म्हणाले. "मुहूर्त टळंल."

मंगलाष्टकं झाली, टाळ्या वाजल्या, अक्षता उडाल्या. ते चकचकीत कापड बाजूला झालं आणि हार घालायच्या गडबडीत स्टेजच्या कडेला पडलं. फोटोवाल्याचा पाय त्यावर पडला, मग करवलीचा. अण्णा उठले. पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि पायऱ्या चढून वर गेले. सगळ्यांना वाटलं, आशीर्वाद द्यायला चाललेत. त्यांनी वाकून ते कापड उचललं, अक्षता झटकल्या, आणि तिथेच, त्या गोंगाटात उभं राहून त्याची घडी घातली. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा. ते गुळगुळीत कापड निसटत होतं, तरी त्यांनी ते सोडलं नाही. घडी नीट बसल्यावर ती कार्यालयाच्या पोराच्या हातात दिली, मग नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली आले. एवढा अपमान झालेलं माणूस दुसऱ्याच्या कापडाची इतकी मायेने घडी घालताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझा जीव तुटत होता.

जेवणं झाल्यावर मी पिशवी त्यांच्यापुढे केली. त्यांनी घेतली नाही. "ठिव तुझ्याकडं," म्हणाले. "दुसऱ्या कुनाच्या तरी लग्नाला व्हईल."

मी एकुलती एक आणि मलाही एकच लेक. आमच्या घरात आता लग्नाचं कुणी उरलेलं नाही, आणि हे अण्णांइतकं चांगलं कुणाला माहीत असणार?

दुकान त्यांनी त्याच महिन्यात बंद केलं आणि पुढच्या थंडीत ते गेले. त्यांचा अंतरपाट माझ्या कपाटात आहे. परवा लेक माहेरपणाला आली होती. तिने कपाटातून तो काढला आणि "आई, ही कसली चादर?" म्हणत उलगडायला लागली. मी तिच्या हातातून तो ओढूनच घेतला. ती चमकून माझ्याकडे बघत राहिली. तिला मी सगळं सांगितलं, पण कापड काही उलगडू दिलं नाही. ती घडी मोडली तर पुन्हा तशी घालणारं आता कुणी नाही.