राणीने शाप कसा द्यावा

शाप तोंडाने न उच्चारता तो ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचवता येतो का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले. प्रश्न चमत्कारिक वाटेल. आमच्या भोकरदनच्या घरात तो एका संगणकीय खेळामुळे उभा राहिला आणि काही आठवडे घरातल्या तिघांनाही त्याने गुंतवून ठेवले.

आमची मुलगी पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली, तेव्हा कपड्यांच्या एका बॅगेबरोबर तिने एक माईक, दोन हेडफोन आणि लॅपटॉप आणला होता. नोकरीचे काम सुटीपुरते थांबले होते. पण दुसरे काम होते, आणि ते तिला बाळ होण्याआधी संपवायचे होते. ती आणि तिचे दोन सोबती मिळून एका परदेशी खेळाचे 'मॉड' तयार करत होते. मला त्याचा अर्थ तिने असा समजावला: मूळ खेळ तयार असतो, त्यात खेळणाऱ्यांनी स्वतःची भर घालावी अशी सोय असते, ही भर म्हणजे मॉड. यांची भर म्हणजे एक अख्खे राज्य होते. त्यात आटलेली नदी, तिच्या काठचा किल्ला, नावेशिवाय बसलेला नावाडी, बोलका द्वारपाल आणि एक राणी. सगळे मराठीत बोलणार होते. सोबत्यांपैकी एक मुलगी नाशिकची. दुसरा मुलगा परतूर तालुक्यातल्या आष्टीचा. तो चित्रे काढत असे. मी या दोघांना फक्त आवाजाने ओळखतो.

मी माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक होतो आणि स्नेहसंमेलनाची नाटके बसवण्याचे काम निवृत्तीपर्यंत माझ्याकडे राहिले. त्यामुळे पात्रांच्या आवाजाचे नियोजन मुलीने माझ्याकडे सोपवले. शाळेत मुलांना जो नियम सांगत असे, तोच मी येथेही लावला. पात्राचा आवाज त्याच्या वयावरून किंवा पोशाखावरून ठरवू नये; ते पात्र एरवी कोणाशी बोलते आणि किती अंतरावरून बोलते, यावरून ठरवावा. नावाडी पलीकडच्या तीरावरच्या माणसाला हाक मारत आलेला असतो. नदी आटली तरी त्याचा आवाज लांबचाच राहणार. राणीचे उलट असते. तिचे ऐकायला लोक जवळ येतात, म्हणून तिला आवाज चढवण्याची सवयच नसते. मुलीला हे पटले. द्वारपालाचा आवाज मात्र मीच द्यावा असे ठरले आणि तो ध्वनिमुद्रित झाल्यावर तिने तो दोनदा ऐकला.

"बाबा, हा द्वारपाल किल्ल्यात सोडत नाहीये, हजेरी घेतोय," ती म्हणाली.

तो तसाच ठेवण्यात आला.

राणीसाठी नाशिकच्या मुलीने प्रयत्न करून पाहिला होता. आवाज स्वच्छ होता. पण दूरचित्रवाणीवरच्या मालिकेतली सासू बोलते तसा तो लागला. संगणकाने तयार केलेला आवाज वापरावा, असे आष्टीच्या मुलाने सुचवले. आमच्या मुलीने नकार दिला. तिला राणीसाठी आपल्या आईचा आवाज हवा होता. माझ्या पत्नीचा आवाज खालच्या पट्टीतला आहे आणि ती वाक्य संपवण्याची घाई करत नाही. हे कारण पुरेसे होते. तरी मुलीने एकदा वेगळेच कारण सांगितले. पुढे आपण नोकरीत आणि मुलात अडकू, इकडे येणे कमी होईल. तेव्हा खेळ सुरू केला की त्यातून आईचा आवाज यावा, एवढेच. सोबत्यांनी तिला मुदत दिली. दिवस भरत येण्याआधी आईचा आवाज मिळाला तर ठीक, नाही तर संगणकाचा घालायचा.

पत्नी धावड्याची. खेळ वगैरे तिला समजून घ्यायचे नव्हते. लेक म्हणते तर बोलू, इतकी साधी तयारी होती. गाद्यांच्या खोलीत गोधड्या टांगून आम्ही जागा तयार केली. आमच्या शेजारी मिरची कांडपाचे यंत्र आहे. ते चालू असताना आवाजाचा त्रास होतो आणि ठसक्याचाही. म्हणून दुपारी ते जेवणासाठी बंद होई, तेवढ्याच वेळात आम्ही काम करत असू. राणीची पहिली वाक्ये, म्हणजे बंधारा बंद करण्याची आज्ञा, नावाड्याची विनंती फेटाळणे, तिने अडखळत पण चांगली म्हटली. नंतर मुख्य प्रसंग आला. त्यात राणीकडे तिची जाऊ भेटायला येते. जाऊ गर्भवती आहे. राणी तिला शाप देते.

तो शाप काय होता, हे मी येथे लिहीत नाही. तसे घरात ठरले आहे.

पत्नीने कागद वाचला, घडी घातली आणि लेकीच्या हातात परत दिला. "हे मी न्हाई म्हणायची."

मुलीने सांगून पाहिले की ते नाटक आहे, बोलणारी राणी आहे, आई नाही. पत्नीचे म्हणणे असे की राणी कुठेतरी असेल, तोंड तिचेच आहे. समोर दोन जिवांची लेक बसली असताना तिच्या तोंडावर असले बोलायचे आणि वास्तू 'तथास्तु' म्हणाली तर काय करायचे? मी मध्ये पडलो. शाळेच्या नाटकात कितीतरी मुले रंगमंचावर मेली आणि पडदा पडल्यावर वडापाव खायला रांगेत उभी राहिली, हा अनुभव मी तिच्यासमोर ठेवला.

"ते तुमचं शाळेचं सांगू नका," ती म्हणाली. "शाळेला पत्रे असतेत, वास्तू न्हाई."

मुलीने दुसरा मार्ग काढला. घरात नको तर धावड्याला मामाच्या शेतात जाऊन बोलू. तिथे वास्तूचा प्रश्न येत नाही. त्यावर शेताला काय कान नसतात का, असे उत्तर मिळाले. मग मुलीने सर्वांत तर्कशुद्ध उपाय मांडला. आईने शापाचे शब्द सुटे सुटे, वेगवेगळ्या दिवशी, उलटसुलट क्रमाने म्हणावेत. एकेक शब्द निरुपद्रवी आहे. ते जोडण्याचे काम संगणक करील. मला हा उपाय बिनतोड वाटला. पत्नीने तो नीट ऐकून घेतला आणि विचारले, "अन् जोडणार कोण? बटन कोण दाबणार?"

"मी."

"म्हंजे तुझ्याच हातानं तुलाच. मंग तर बिलकुल न्हाई."

यानंतर दोन दिवस माईक बंद राहिला. मुलीने हट्ट केला नाही. पण तिने संगणकाच्या आवाजाचे नमुने ऐकायला सुरुवात केली आणि ते ऐकताना ती हेडफोन लावत नसे. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल एवढा आवाज ठेवी. तिसऱ्या दिवशी पत्नी हात पुसत बाहेर आली. शाप आपण देणार नाही, आशीर्वाद देऊ, असे तिने सांगितले. "तो वाकडा लागला पाह्यजे असंल तर ते तुमचं तुमी बघा."

वर लिहिलेला प्रश्न येथे निर्माण झाला. मुलीने प्रसंग बदलला. आता राणी जावेला म्हणणार होती: "सुखरूप सुटका होऊ दे, बाई. घर भरलेलं राहू दे तुझं." शब्दांत वावगे काहीच नाही. ऐकणाऱ्याला मात्र कळले पाहिजे की हिच्या मनात याच्या उलट आहे.

आम्ही हे वाक्य अनेकदा मुद्रित केले आणि प्रत्येक वेळी ते निकामी ठरले. मी वेग कमी करायला सांगितला. ती सावकाश बोलली. 'बाई'नंतर थांबायला सांगितले, ती थांबली. सूचना एकूण एक पाळल्या गेल्या. तरी माईकमधून येई ती माहेरपणाला आलेल्या लेकीची ओटी भरणारी आई. माझी चूक मला उशिरा दिसली. मी शब्दांकडे पाहत होतो. बोलणारीची नजर कुठे आहे, हे पाहिलेच नव्हते. लॅपटॉप घेऊन मुलगी अगदी समोर, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली होती. पात्र कोणाशी बोलते यावर आवाज ठरतो, हा नियम मीच सांगितला होता आणि तिच्यासमोर जिला आशीर्वाद द्यावाच वाटेल अशी श्रोती बसवून मी वेगाची चर्चा करत होतो.

मुलीला बाहेर पाठवले. लॅपटॉप आत राहिला, तिच्या हेडफोनची तार दाराखालून घेतली. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. "भिंतीमागं हाय, गावाला थोडीच गेली," पत्नी म्हणाली. मग ती माझ्याकडे पाहू लागली.

"तुमी बसा समोर. सरळ बसा. अन् काही सांगू नका."

मी बसलो. तिने माझ्याकडे पाहिले, नजर माझ्या कपाळाच्या जरा वर स्थिर केली आणि वाक्य म्हटले. शब्द तेच होते. एकाही शब्दाला धक्का लागला नव्हता. बाहेरून मुलगी हेडफोन गळ्यात घालून हळूहळू चालत आत आली.

"बाबा, तुम्ही काय केलंत?"

मी फक्त बसलो होतो, असे मी सांगितले आणि ते खरे होते.

"त्यांनी काय करायचं," पत्नी म्हणाली. "माझा इतक्या वर्साचा सराव हाय."

दोघी बराच वेळ हसल्या. मी मुद्रण बंद केले नव्हते, त्यामुळे ते हसणेही नोंदले गेले आहे.

हे कसे साधले, हे मी तिला नंतर विचारले. तिने संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे उदाहरण दिले. जिच्याशी बोलणे बंद आहे अशी बाई चारचौघींत पाया पडायला वाकते. आशीर्वाद नाकारता येत नाही. तसा रिवाज नाही. अशा वेळी शब्द पुरते द्यायचे आणि हात डोक्यापर्यंत न्यायचा नाही. वाकलेल्या बाईला बरोबर कळते. माझ्या बाबतीत ते का जमले, याचा खुलासा मी मागितला नाही.

प्रश्नाचे उत्तर मिळाले, असे मी समजलो होतो. प्रत्यक्षात अर्धेच मिळाले होते. आधीच्या निकामी ठरलेल्या फिती, म्हणजे त्या वाक्याची मुद्रणे, मुलीने इंटरनेटवर सोबत्यांशी सामायिक असलेल्या जागेत तशाच राहू दिल्या होत्या. आष्टीच्या मुलाने सहज कुतूहल म्हणून त्यांतली एक चित्रावर लावून पाहिली आणि त्या संध्याकाळी दोघांनी फोन केला. त्यांचे म्हणणे असे: राणीने आतापर्यंत नदी अडवली आहे, नावाड्याला देशोधडीला लावले आहे, खेळणाऱ्याला हे सगळे ठाऊक आहे, तीच राणी आता इतक्या मायेने बोलते म्हटल्यावर अंगावर काटा येतो. थंड आवाजातला आशीर्वाद ऐकून राणी दुष्ट आहे एवढेच कळते, आणि ते तर आधीच माहीत आहे. म्हणून मायेची फीत घालावी.

मुलीने आम्हाला दोन्ही लावून दाखवल्या. पडद्यावर राणीचा चेहरा, समोर वाकलेली जाऊ. मी निःपक्षपातीपणे सांगतो की सोबत्यांचे बरोबर होते. मायेची फीत अधिक भीतिदायक होती. मुलीलाही ते पटले होते. तिच्या चेहऱ्यावरून मला कळले. तिने फक्त आईकडे पाहिले.

पत्नीने मायेची फीत पुन्हा लावायला सांगितली आणि शेवटपर्यंत ऐकली.

"ही मी तुला दिल्ती," ती म्हणाली. "तिथं त्या जावेला कशी द्यायची? दिलेली वस्तू हाय ही."

"आई, खेळ त्याच्यानं चांगला होतोय."

"होत असंल. मी कुठं न्हाई म्हणते? पण ही तुझी हाय."

 मुलीने लॅपटॉप जवळ ओढला, सामायिक जागेतून त्या सगळ्या फिती काढून टाकल्या आणि दोघांना फोन लावला. फीत खराब झाली, असे सांगता आले असते. तिने तसे सांगितले नाही. आईने दिली नाही, म्हणून घालणार नाही, असे सरळ सांगितले. नाशिकच्या मुलीने थोडा वाद घातला. आष्टीच्या मुलाने विचारले, काकूंना एकदा समजावून बघू का? मुलगी म्हणाली, "आईला समजलंय. मला पण."

खेळात थंड आवाजाची राणी गेली. मॉड ठरल्या वेळेत पूर्ण झाले. पुढे बाळंतपण सुखरूप झाले. त्याचा या ध्वनिमुद्रणाशी काही संबंध नाही, असे माझे मत आहे. पत्नीचे मत वेगळे आहे आणि ते मी येथे नोंदवतो. काढून टाकलेल्या फिती मुलीने स्वतःजवळ ठेवल्या आहेत किंवा नाहीत, हे मी विचारलेले नाही.

माझे निष्कर्ष असे आहेत. शाप न उच्चारता तो पोहोचवता येतो. त्याचे किमान दोन मार्ग आहेत: आशीर्वाद देताना मन रोखून धरणे, किंवा ज्याच्याकडून अपेक्षा नाही अशा माणसाच्या तोंडून आशीर्वाद खऱ्या मनाने देववणे. दुसरा मार्ग अधिक परिणामकारक आहे, परंतु त्यासाठी कोणाचा तरी खरा आशीर्वाद खर्ची घालावा लागतो. आमच्या घरात तो खर्च नाकारला गेला, म्हणून माझ्याजवळ दुसऱ्या मार्गाचा एकाच संध्याकाळचा, तिघाचौघांच्या कानांचा पुरावा आहे. तो अपुरा आहे. वाचकांनी माझ्या शब्दावर जाऊ नये. वर दिलेले राणीचे वाक्य घरातल्या एखाद्या माणसाला समोर बसवून म्हणावे, मग दुसऱ्या माणसाला बसवून म्हणावे, आणि पलीकडच्या खोलीत बसलेल्याला काय ऐकू आले ते विचारून स्वतः पडताळून पाहावे, ही विनंती.