दोन बोटं जास्तीचं कापड

आमची अख्खी गल्ली त्यांना शिंपीमामा म्हणते, पण नात्याने त्यांना मामा म्हणणारी एकच, बहीण गेल्यावर त्यांनी वाढवलेली भाची. मामांनी स्वतः लग्न केलं नाही. माझं औषधांचं दुकान शेजारीच, आणि न विचारता सल्ला द्यायची खोड मला जन्मजात.

मामांची एक रीत होती. भाचीच्या प्रत्येक कपड्यात ते शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्त ठेवत. पोर वाढली की उसवायचं, सैल करून पुन्हा शिवायचं. त्या निमित्ताने ती स्टुलावर उभी राहून दिवसभराचं सांगत बसे. गिऱ्हाइकांशी मोजकंच बोलणारा हा माणूस तेव्हा मात्र खळखळून हसे.

तिला दूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. परिस्थिती पाहून कॉलेजने निम्म्याहून जास्त फी माफ केली. उरलेल्यासाठी मामांनी तिला दिसेल त्या शिष्यवृत्तीला अर्ज करायला लावला. थेंबे थेंबे तळे साचे, म्हणे. तीन छोट्या मिळाल्याही. गल्लीभर सांगून होतंय न होतंय तोच कॉलेजने कळवलं, बाहेरून फीसाठी जेवढे पैसे येतील तेवढी आमची माफी कमी. ये रे माझ्या मागल्या!

मी भडकलो. आधी विचारायला काय झालं होतं? तिला तिथेच कॉलेजला फोन लावायला लावला. मदत विभागातल्या बाई भल्या निघाल्या. पैसे देणाऱ्यांना विचारा, म्हणाल्या, फीऐवजी पुस्तकांसाठी किंवा वसतिगृहासाठी देतील का. तो खर्च आम्ही उचलतच नाही, मग कापणार काय? तिघेही पुस्तकांसाठी द्यायला तयार झाले. उरलेली फी मामा शिलाईतून भरणार होते. राहिलं वसतिगृह. त्याचा चारही वर्षांचा खर्च देणारी एकच संस्था सापडली, पण अट अशी की प्रत्येक सुट्टीत त्यांच्या दवाखान्यात काम करायचं. म्हणजे चार वर्षं घरी येणं नाही.

"मी नाही करणार हा अर्ज," भाची म्हणाली.

"कर," मामा मान वर न करता म्हणाले. "इथे येऊन करणार काय, माझं तोंड बघणार?"

ती रडली, पण तिने अर्ज केला. शिष्यवृत्ती मिळाली.

जाण्याआधी मामांनी तिला कोट शिवला. आत नेहमीसारखं जास्तीचं कापड ठेवलं आणि मग कधी नव्हे ते कात्री तिच्याच हातात दिली. शिवण कशी उसवायची, पुन्हा कशी घालायची, हे एका चिंधीवर शिकवलं. तिचे टाके वाकडे जायचे, मामा उसवायला लावायचे.

"मामा, तूच कर ना."

"तिथे मी कुठे असणार?"

मला त्यांचा राग आला. मी उठून माझ्या दुकानात गेलो.

पहिल्या सुट्टीत तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. वसतिगृहाचं जेवण मानवलं होतं, कोट खांद्यात आवळत होता, तिने स्वतःच सैल केला. मामांनी फोन ठेवला.

"शिवण सरळ आली म्हणे," ते हसून म्हणाले. "आता माझ्यावाचून काही अडत नाही तिचं."

मग कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण लावायला बसले. स्टूल समोर तसंच होतं. सुईत दोरा काही केल्या जाईना. शेवटी मीच ओवून दिला.