चर्चजवळच्या दगडावरचं नाव

रियाधच्या बाजारात आज पिकलेल्या आलुबुखारांचा वास आला आणि मला चेक देशातलं ते छोटं गाव आठवलं. नोकरीसाठी मी तिथे वर्षभर राहिलो होतो. टेकडीच्या कुशीत शंभरेक घरं, मधोमध तळं, काठावर पांढरं चर्च आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आलुबुखाराची झाडं.

एका रविवारी सकाळी घरमालकीण मारीबाईंनी मला चर्चजवळचा दगड दाखवला. महायुद्धात गेलेल्या गावकऱ्यांची नावं त्यावर कोरली होती. एका नावावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे माझे वडील. मी पोटात असतानाच गेले. त्यांचा आवाज कसा होता, मला माहीत नाही. तुझे वडील आहेत ना?"

"आहेत. पण आम्ही बोलत नाही." माझ्या परदेशी येण्यावरून आमचं बिनसलं होतं.

मारीबाई नुसत्या त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या.

खोलीवर येऊन मी साताऱ्याला फोन लावला. माझा आवाज ओळखून बाबा म्हणाले, "जेवलास का?"

आता बाबा नाहीत. तेव्हा वाटलं होतं, मीच मोठ्या मनाने त्यांना माफ केलं. आज कळतं, माफ तर त्यांनी केलं होतं; आणि तो आवाज पुन्हा एकदा ऐकायला जीव तळमळतो.