दुसऱ्या दिवसाचं रक्त

रिहे गावची इंदूबाई सहजासहजी घाबरणारी नव्हती. भातलावणीच्या खाचरात साप निघाला, तर काठीनं बाजूला सारून पुन्हा रोपं खोवायला वाकायची. पण नऊ वर्षांच्या चंद्रकलेचे कान मात्र तिनं टोचू दिले नव्हते.

"भुंड्या कानांची पोर! उद्या हिला कोण करून घेणार?" सासू, तुळजाबाई, उठताबसता म्हणायची.

तीन वर्षांपूर्वी, पंच्याऐंशी साली, इंदूबाईच्या नवऱ्यानं, सोपाननं, पौडला दाढ काढून घेतली. रक्त तिथंच थांबलं. "थांबलं न्हवं? उगाच भ्याला व्हता," असं हसत इंदूबाईनंच त्याला मऊ भात वाढला. दुसऱ्या दिवशी दुपारी तोंड रक्तानं भरलं, ते थांबेचना. पुण्याला नेलं, बाटल्यांवर बाटल्या चढवल्या. सातव्या दिवशी तो गेला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "रक्त गोठवणाऱ्या पेशी मोजल्या तर पुरेशा आहेत. पण त्या पेशींच्या पोटातली प्रथिनं आतल्या आत तुटत असावीत. गाठ धरते आणि दुसऱ्या दिवशी विरघळते. परदेशात असं एक घराणं सापडल्याचं वाचलंय. इथं त्याची तपासणी नाही, औषध मलाही माहीत नाही. मुलीत उतरलं असेल, नसेलही. तिला जखम होऊ देऊ नका."

वरून भरलेला आणि आतून भुंग्यानं खाल्लेला दाणा, एवढं इंदूबाईला कळलं. तुळजाबाईला तेही पटलं नाही. "दाताच्या डाक्टरनं मारला माझा ल्योक," एवढंच ती धरून बसली.

यंदा इंदूबाई लावणीला गेलेली असताना सोनार गावात आला. संध्याकाळी ती घरी आली, तर चंद्रकला दारातच मान वेळावत उभी. दोन्ही कानांत तारेची बारीक कडी.

"आये, बघ की! आजीनं टोचून आणलं."

इंदूबाईनं पोरीचे कान उजेडाकडं वळवून पाहिले.

"येक थेंब आला," तुळजाबाई जिंकल्यासारखी म्हणाली. "हळद-तेल लावलं, थांबला. आता तरी डाक्टरणीचं खूळ सोड."

"उद्या बगू, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी ती खाचरात गेली नाही. पोरीला समोर बसवून तांदूळ निवडत राहिली. सकाळ कोरडी गेली.

"नजर लावशील पोरीला," तुळजाबाई म्हणाली.

जेवणं झाली. चंद्रकला आजीच्या मांडीवर डोकं ठेवून निजली. थोड्या वेळानं तुळजाबाईनं मांडी हलवली, तर लुगड्याला ओल लागली होती. हात लाल झाला.

तिनं पदर कानावर दाबला. तो भिजला. दुसरं टोक दाबलं. "थांबंल गं," ती पुटपुटत होती, "काल थांबलं व्हतं न्हवं..."

हेच शब्द इंदूबाईनं सोपानला भात वाढताना उच्चारले होते. ती उठली, पुण्याचे कागद पिशवीत घातले आणि पौडच्या एसटीला अजून किती वेळ आहे, ते शेजारी विचारायला गेली.